तेजाबात राहिलेले दगड

हैदराबादेत वाढलेल्या माणसाला दगडाचं काही कौतुक नसतं. आमच्या लहानपणी घराबाहेर पडलं की कुठे ना कुठे एकावर एक रचून ठेवल्यासारखे गुलाबी-करडे धोंडे दिसायचेच. घरांचे पाये त्याचेच, पाटे-वरवंटे त्याचेच, शाळेच्या पायऱ्याही त्याच्याच. सगळा ग्रॅनाइट. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला, अगदी शिकल्यासवरलेल्यालाही, एक खोड लागते. फिकट रंगाचा, रवाळ असा कुठलाही दगड हातात दिला की तो नीट न बघताच सांगतो, ग्रॅनाइट. मीही तशीच होते. आणि ज्यांच्या हाताखाली मी काम केलं ते साहेब, ज्यांची तीस वर्षं दगडांत गेली होती, तेही तसेच होते. त्यांना नावं ठेवायची म्हणून हे मी सांगत नाही. ज्या गावात ज्याचं राज्य, त्याचंच नाव तोंडात बसतं.

मी जुन्या हैदराबाद राज्याच्या खनिज खात्यात रसायनशाळेत होते. नामपल्ली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ती इमारत होती, आणि तिच्यात बाई म्हणून मी एकटी. माझं काम काय, तर पुरुषमंडळी जीपमधून डोंगर हिंडून यायची आणि मला दगडाचे तुकडे आणून द्यायची. मी त्यांचं पीठ करायचं, ते सोड्याबरोबर भट्टीत वितळवून तेजाबात, म्हणजे आम्लात, विरघळवायचं, आटवायचं, तोलायचं, आणि कशात किती सिलिका, किती चुना, किती लोह ते कागदावर उतरवायचं. दगडाला नाव मात्र डोंगर पाहिलेला माणूस देणार. नोंदवहीत शेवटचा रकाना होता 'ओळख पटवणारा', तिथे त्याची सही. माझ्या चार वर्षांच्या कामाची सही कुठेच नव्हती. मला याचा राग यायचा. अजूनही आठवलं की येतो.

दगडांची मला आवड लागली ती या रागातूनच, असं म्हटलं तरी चालेल. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून मी नमुन्यांच्या खोलीत जायची आणि भिंग घेऊन पेट्या उघडून बसायची. तिथे राबणारे एक वयस्क चाचा होते. त्यांचं आयुष्य पेट्या उचलण्यात गेलं होतं. ते दारात उभे राहून म्हणायचे, "बेटी, पत्थर में क्या देखतीं रोज? पत्थर तो पत्थरीच है." मी म्हणायची, "चाचा, तुम्ही रोज चहात काय बघता?" ते हसायचे आणि मलाही अर्धा कप आणून द्यायचे.

मग छप्पन साल आलं. राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे, रायचूर-गुलबर्ग्याकडचा भाग म्हैसूरकडे, आणि आम्ही राहत होतो ते शहर आंध्रबरोबर नव्या राज्याची राजधानी. माणसं वाटली गेली तसं खातंही वाटलं गेलं. टेबलं, सूक्ष्मदर्शक, तराजू, सगळ्यांच्या याद्या झाल्या. दगडांचा नियम सोपा होता: ज्या जिल्ह्याचा दगड, त्या जिल्ह्याबरोबर तो जाणार. औरंगाबादचा काळा पाषाण गोणपाटात शिवला जाऊन मुंबईला निघाला, तेव्हा चाचा त्या पेट्यांकडे बघून म्हणाले, "जाओ मियाँ, मराठी सीखो." मी मराठी असून इथेच राहत होते, त्याचं काही नाही.

कायम नोकरांना पर्याय विचारला होता, कुठे जायचं ते लिहून द्या. आम्हा हंगामी लोकांना कोणी काही विचारलं नाही. आमची फक्त एक यादी होणार होती. खातेप्रमुखाने लिहायचं, हा माणूस ठेवावा, काम चोख, कसलीही तक्रार नाही. ज्याच्या नावापुढे एवढा शेरा असेल तो नव्या सरकारात कायम होणार. ज्याच्या नावावर कोणी बोट ठेवील, तो घरी. मी घरी म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात औरंगाबादच्या मावशीची पत्रं येत होती, दोन स्थळं बघून ठेवली आहेत, मुलीला पाठवा. वडील जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. ते पत्र वाचून घडी घालायचे आणि म्हणायचे, "नोकरी आहे तोवर मावशीला उत्तर आहे. नसली तर माझ्याजवळ उत्तर नाही बघ." ते खरंच होतं. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण आपल्या हातातलं काम सुटलं म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं, हे मला मरणाहून वाईट वाटायचं.

साहेब जुन्या हैदराबादी घराण्यातले, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. नव्या सरकारचे अधिकारी कर्नूलहून ताबा घ्यायला येणार होते, आणि साहेब त्याच दिवशी निवृत्त होणार होते. त्यांचा एक हट्ट होता. आमच्याकडे जुन्या घरांत रीत होती, घर दुसऱ्याच्या हवाली करायचं तर चुना मारूनच करायचं. मळक्या भिंतींचं घर देणं म्हणजे येणाऱ्याचा अपमान. "सफेदी हुए बगैर चाबी कैसे देंगे?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून रंगारी बोलावले. रंगाऱ्यांनी सगळ्या भिंती नीळ घातलेल्या चुन्याने लख्ख केल्या आणि त्याबरोबर नमुन्यांच्या खोलीतले उघडे दगडही लख्ख केले. मांडण्या झाकायला कोणालाच सुचलं नव्हतं. खाली ठेवलेल्या बंद पेट्या वाचल्या, पण मांडणीवरचे दगड पांढरे झाले, त्यांवरच्या आकड्यांसकट. साहेबांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसले.

चुना काढायचा म्हणजे तेजाब, आणि तेजाब म्हणजे मी. हे काम माझ्याकडे आलं याचा मला आनंदच झाला. पातळ तेजाबात दगड दोन-चार मिनिटं बुडवला की चुना फसफसून जातो, मग साध्या पाण्याने धुवायचा. ग्रॅनाइटला काही होत नाही. त्यातली गारगोटी तेजाबाला दादच देत नाही. चुनखडीचे नमुने तेवढे बाजूला काढून मी चार दिवसांत दोनशे दगड धुतले. हात सोलवटले, साडीला भोकं पडली, पण आकडे पुन्हा दिसायला लागले.

शनिवारी दुपारी शेवटचा तामचिनीचा ट्रे लावला. त्यात तीन दगड होते. खम्ममच्या पुढे गोदावरीच्या बाजूला एक टेकडी आहे, तिथले. साहेबांनी तरुणपणी स्वतः फोडून आणलेले, नोंदवहीत त्यांच्याच अक्षरात 'ग्रॅनाइट'. त्यांवरचा चुना घट्ट बसला होता, रंगाऱ्यांनी त्यात चिकटपणासाठी सरस जरा जास्तच ओतला असावा. म्हणून मी तेजाब नेहमीपेक्षा चांगलंच जहाल केलं. तेवढ्यात बागेतून हाक आली, ग्रुप फोटो. खात्याचा शेवटचा फोटो. सगळे मुंबईवाले, म्हैसूरवाले, राहणारे, जाणारे, एका ओळीत. त्यानंतर चहा, उस्मानिया बिस्किटं, त्यानंतर भाषणं, त्यानंतर रडारड. मीही रडले. डोळे पुसत तशीच घरी गेले. ट्रे माझ्या डोक्यातून साफ गेला.

सोमवारी सकाळी चाचा मला फाटकातच भेटले. चेहरा उतरलेला. "बेटी, वो तीन पत्थरां पिघल गए."

दगड विरघळले नव्हते, पण बघवत नव्हते. शनिवारी गुळगुळीत असलेल्या पृष्ठावर आता खड्डेच खड्डे होते, आणि खड्ड्यांत साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट, अर्धपारदर्शक लगदा बसला होता. मी एक दगड उचलला तर तो हाताला बुळबुळीत लागला. साहेबांचे दगड. सरकारी मालमत्ता. ताबा द्यायला तीन दिवस उरलेले. यादीतल्या माझ्या नावापुढचा शेरा मला डोळ्यांसमोर पुसला जाताना दिसला.

चाचा दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "मूसी नदी में डाल देतौं. गिनती में तीन दूसरे रख देंगे, बाहर कित्ते पड़े हैं. कौन पूछता जी?"

खरंच कोणी विचारलं नसतं. आमच्या आवारातच ग्रॅनाइटचा ढीग पडलेला होता. तीन तुकडे उचलायचे, त्यांवर आकडे घालायचे, संपलं. मी चाचांना 'नको' म्हटलं नाही. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

पण बाहेर जाऊन मी त्या ढिगातला तुकडा हातात घेतला आणि एक गोष्ट डोक्यात टोचायला लागली. हा तुकडा मी दोन दिवस नाही, दोन महिने तेजाबात ठेवला असता तरी याचा लगदा झाला नसता. मग त्या तिघांचा का झाला? चूक माझी होती हे खरं. पण माझ्या चुकीने ग्रॅनाइटचा लगदा होतच नाही. म्हणजे तो ग्रॅनाइट नव्हे.

मी धावतच आत आले. त्याच टेकडीचे आणखी चार दगड बंद पेटीत शाबूत होते. एक काढून खिडकीशी नेला, भिंग लावलं. पूर्वी मीही या दगडांकडे पाहिलं होतं आणि त्यातले करडे दाणे गारगोटीचे मानले होते. आता नीट पाहिलं. गारगोटी काचेसारखी चमकते. हे दाणे तेलाचं बोट लागल्यासारखे मिणमिणत होते. चाकूने जोर लावून ओरखडा काढला, आणि तो उमटला. गारगोटीवर चाकूची काय बिशाद! मग एका कोपऱ्यावर तेजाबाचे थेंब टाकले, पंधरा मिनिटं थांबले, अलगद धुतलं, आणि त्यावर प्रयोगशाळेतला निळा रंग टाकून पुन्हा धुतलं. लगद्याने रंग धरला, बाकीच्याने सोडून दिला. करडे दाणे निळे होऊन उठले, एक ना दोन, सगळा कोपरा भरून. शेजारी आवारातला ग्रॅनाइट ठेवून त्यालाही तेच केलं. तो होता तसाच राहिला.

ते खनिज नेफेलिन. मी त्याबद्दल पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. आणि ज्याच्यात नेफेलिन आहे त्या दगडात गारगोटी असूच शकत नाही; अशा दगडाला नेफेलिन सायनाइट म्हणतात. याचं कारण मला फार आवडतं, म्हणून सांगतेच. जमिनीखालच्या तापल्या शिलारसात सिलिका भरपूर असली तर सगळ्यांचं पोट भरून जी उरते तिची गारगोटी होते. आपला ग्रॅनाइट तो असा, खाऊन-पिऊन सुखी. पण काही शिलारसांत सोडा जास्त आणि सिलिका तोकडी. तिथे फेल्डस्पार, म्हणजे ग्रॅनाइटातलं दुसरं मुख्य खनिज, व्हायलाही ती पुरत नाही, मग त्याच्याऐवजी अर्धपोटी नेफेलिन तयार होतं. अशा रसात थोडी जरी सिलिका मोकळी असती तरी नेफेलिनने ती ओढून घेतली असती आणि त्याचा फेल्डस्पार झाला असता. दोघं एका घरात नांदत नाहीत. असा रस येतो कुठून, यावर तेव्हा वाद होता. काही जण म्हणत, ग्रॅनाइटच्याच रसाने वर येताना चुनखडी गिळली आणि तिने त्याची सिलिका खाल्ली. आता मानतात की तो फार खोलवरून येतो. तिथला खडक थोडासाच वितळतो, आणि जिथे भूमी ताणून फाटलेली असते तिथल्या जुन्या भेगांतून तो रस वर चढतो. म्हणजे असा दगड सापडला, तर इथे कधीकाळी जमीन खोलवर उलली होती, हे तो सांगतो. साध्या ग्रॅनाइटवरून ते कळत नाही.

हे सगळं मला त्या सकाळी कळलं होतं असं नाही. पण एवढं कळलं की त्या टेकडीचं नाव चुकलं आहे, आणि ते सांगायचं तर दगड कसे खराब झाले तेही सांगावं लागणार. फक्त दुसरा प्रयोग सांगून पहिला लपवता आला असता, पण मग मांडणीवरचे ते तीन दगड कुठे गेले याचं उत्तर कुणी द्यायचं?

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी रीत बरोबर आहे याची खात्री आहे का?"

"आहे."

"मग पायऱ्या गाळू नको. पायरी गाळलेल्या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत." एवढं बोलून ते मावशीच्या पत्राला उत्तर न देताच झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. पहिलं वाक्य, माझ्या निष्काळजीपणामुळे तीन नमुने शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत तेजाबात राहिले व खराब झाले. दुसरं वाक्य, ते ग्रॅनाइट नसून नेफेलिन सायनाइट आहेत. शेजारी निळ्या डागांचा दगड ठेवला.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. दगड उचलून उजेडात फिरवला. खिशातून स्वतःचं भिंग काढलं. निळे दाणे एकेक करून पाहिले. शेवटी ते म्हणाले, "पच्चीस बरस पहले मैं इस टेकड़ी पर बैठ के नाश्ता किया था." मग नोंदवही ओढली, स्वतःच्या अक्षरातला 'ग्रॅनाइट' एका सरळ रेषेने खोडला, वर नवीन नाव लिहिलं. रकान्यापाशी थांबले आणि टाक माझ्यापुढे केला.

"मैंने डोंगर नाही पाहिला, साहेब," मी गोंधळून अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं माझ्या भाषेत म्हणाले.

"मैंने देखा था. क्या फायदा हुआ? दस्तखत करो."

मी सही केली. अक्षर ठळक आलं. त्या नोंदवहीत पुरुषांच्या सह्यांची पानंच्या पानं होती, त्यात ती एक बाईची. आयुष्यात मला बरंच काही मिळालं, पण त्या सहीएवढा ताठा मला कशाचा आला नाही.

मग ते खाली मान घालून म्हणाले, "फेहरिस्त कल चली गई. उसमें तुम्हारा नाम है, कोई शिकायत नहीं लिखी. अब यह चिठ्ठी पीछे से भेजनी पड़ेगी, ताकीद के साथ. नुकसान तो हुआ है ना. चाहो तो पहला जुमला काट दो. मैं कुछ नहीं कहूँगा."

मला ते वाक्य काटायचं होतं, खूप काटायचं होतं. पण ते काटलं तर खालची सही उसनी झाली असती. मी म्हटलं, "राहू द्या साहेब." त्यांनी ताकीद लिहिली, दोन्ही कागद टाचणीने जोडले, आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्या देऊन शेरवानी झटकत निघून गेले.

त्यानंतर पाच आठवडे मला कोणी काही सांगितलं नाही. इतर हंगामी लोकांचे आदेश एकेक करून आले. माझा आला नाही. मी रोज जायची, रोज पीठ करायची, आणि रोज संध्याकाळी वडील काही न विचारता माझ्या तोंडाकडे बघायचे. घरी मावशीचं तिसरं पत्र येऊन पडलं होतं.

मग एका सकाळी नव्या साहेबांनी बोलावलं. सडपातळ, तेलुगू बोलणारे, आंध्रकडचे. त्यांच्यासमोर माझे कागद उघडे होते आणि ताकीद सगळ्यात वर होती. त्यांनी ती बोट लावून वाचली आणि इंग्रजीत विचारलं, "नमुने तुम्ही तेजाबात ठेवलेत?"

"हो."

"किती वेळ?"

"शनिवार दुपार ते सोमवार सकाळ."

"एवढा वेळ लागतो?"

"नाही," मी म्हटलं. आता जे व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत मान वर केली. "पंधरा मिनिटं पुरतात."

त्यांनी तो आकडा कागदाच्या कडेला लिहून घेतला. मग उठून त्यांनी कोपऱ्यातल्या चादरीचं टोक उचललं. खाली सहा लाकडी पेट्या होत्या, गुंटूरकडच्या टेकड्यांच्या, नव्या राज्याबरोबर इकडे आलेल्या. सहाही पेट्यांवर एकच नाव होतं, 'ग्रॅनाइट'.

"कूर्चोंडम्मा," खुर्ची पुढे करत ते म्हणाले, बसा बाई. मग माझ्या कागदांतला शेवटचा कागद त्यांनी वर काढला, त्यावर सही केली आणि तो माझ्याकडे सरकवला. ताकीद खाली तशीच होती. वर माझा कायम नेमणुकीचा आदेश होता.

"आता सांगा," ते म्हणाले, "कुठल्या पेटीपासून सुरुवात करायची?"

मी बसले नाही. पदर खोचला आणि सगळ्यात जड पेटी उघडायला सांगितली.